मागच्या कोपऱ्यातला बोल्ट

रेडिएटरचं झाकण काढून ज्योत्स्ना आत वाकून पाहत होती. इंजिन नुकतंच सुरू केलेलं, अजून गारच होतं, तरी पाण्यात एकामागून एक बुडबुडे वर येत होते.

"ताई, जरा रेस द्या," ती म्हणाली.

तिची मोठी जाऊ दीपमाला स्टिअरिंगवर बसली होती. तिने पाय दाबला तसं पाणी उसळून ज्योत्स्नाच्या मनगटावर आलं.

"बंद करा. हेडचं गॅस्केट गेलं."

"पक्कं?"

"पक्कं."

दीपमाला खाली उतरली आणि पदराने तोंड पुसत बंपरला टेकून उभी राहिली. गेले कित्येक दिवस पिकअप तापत होती. रिकामी असली की बरी चालायची, माल भरला की काटा लाल रेघेकडे सरकायचा. कोणी सांगितलं रेडिएटर साफ करा, कोणी सांगितलं थर्मोस्टॅट बदला. दोन्ही करून झालं होतं. आता निदान दुखण्याचं नाव तरी कळलं. नाव कळलं की दीपमालाला अर्धं काम उरकल्यासारखं वाटायचं.

नांदगाव खंडेश्वरच्या बाहेर, यवतमाळकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून त्यांची नर्सरी होती. संत्र्याची कलमं ही तिची ओळख. सासरे जानराव यांनी ती उभी केली आणि ही पिकअपही त्यांनीच घेतली, सतरा वर्षांपूर्वी, नवी कोरी. मोर्शीपासून बाळापूरपर्यंत त्यांनी तिच्यातून रोपं पोचवली. मग डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, तेव्हा मोठा मुलगा गोवर्धन दर्यापूरला लाइनमन आणि धाकटा सुगत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. किल्ली कोणी घ्यायची हा प्रश्न फार वेळ टिकला नाही. दीपमाला ट्रॅक्टर आधीपासूनच चालवत होती. तिने अमरावतीला जाऊन परवाना काढला. पहिल्या महिन्यात मंडईतले लोक वळून वळून पाहायचे. नंतर तेच लोक गाडी मागे घेताना तिला हात दाखवायला लागले.

ज्योत्स्ना मात्र अकोल्याची. लग्नाआधी तिने आयटीआयमधून डिझेल मेकॅनिकचा कोर्स केला होता. लग्नानंतर पाना सुटला आणि हातात कलमाची सुरी आली. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, भरण्यात तिचा हात इतका बसला, की तिने बांधलेलं कलम सहसा वाया जायचं नाही.

दोघी अंगणात आल्या. जानराव कडुनिंबाखाली खाटेवर बसले होते. त्यांनी बातमी ऐकली आणि मान हलवली.

"विकून टाका आता. लई चालली बिचारी."

"मामाजी, कलमं तयार आहेत. अकोल्याच्या पलीकडं गड्ढे खोदून ठेवले लोकायनं," दीपमाला म्हणाली. "विकून काय डोक्यावर नेऊ?"

"भाड्यानं पाहा एखादी."

"भाड्यावाला पोते टाकते तसे रोपं टाकते. मांगच्या साली पाह्यलं ना तुमी."

जानराव म्हणाले, "नबीभाईशिवाय या गाडीचं हेड आजलोक कोनी खोललं नाई. अन् त्यायनं तर गॅरेज बंद केलं. मंग कोन खोलन?"

"ज्योत्स्ना खोलन."

ज्योत्स्नाने चमकून जावेकडे पाहिलं. तिला कोणी विचारलं नव्हतं. पण 'नाही' म्हणायला तोंड उघडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की मघापासून ती मनातल्या मनात बोल्ट मोजत होती. कोणता आधी सैल करायचा, कोणता नंतर, हेही ठरत आलं होतं.

"सा वर्स झाले, पाना नाई धरला म्या," ती म्हणाली.

"इसरली काय?"

"इसरली तर नाई."

"मंग झालं तर."

जानरावांनी खाट उचलली आणि कडुनिंबाच्या पलीकडच्या अंगाला नेऊन टाकली, गाडीकडे पाठ करून. "मले पाहाचं नाई," ते म्हणाले.

पावसाने चार दिवस उघडीप दिली होती, तरी दोघींनी गाडीवर ताडपत्री बांधली. ज्योत्स्नाने काम सुरू केलं ते घाई न करता. पाणी काढलं, बॅटरी सोडवली, डिझेलच्या नळ्या काढून त्यांची तोंडं प्लॅस्टिकने बांधली. सुटा झालेला प्रत्येक भाग ती रोपांच्या रिकाम्या ट्रेमध्ये मांडत होती, जिथला तिथे. व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या सळ्या, म्हणजे पुशरॉड, तर तिने पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात ओळीने खोचले, म्हणजे ज्याची जागा त्यालाच मिळेल. दीपमाला मागेल तो पाना देत होती आणि मधून मधून विचारत होती. हे काय, ते कशाला, हे उलटं बसलं तर काय होईल. ज्योत्स्ना सांगत गेली. सांगता सांगता तिचा आवाज मोठा होत गेला, हे तिचं तिलाच उशिरा जाणवलं.

हेडचे बोल्ट तिने बाहेरच्या बाजूने आत असे थोडे थोडे सैल केले. मग बांबूला दोर बांधून दोघींनी हेड उचललं. ते ओतीव लोखंडाचं धूड गोणपाटावर ठेवताना दीपमालाच्या कमरेत उसण भरता भरता राहिली.

"हे पाहा," ज्योत्स्ना म्हणाली. हेड आणि इंजिनाच्या मधल्या जुन्या गॅस्केटवर मागच्या कोपऱ्यात काळा पट्टा उमटला होता. तिथूनच सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरत होता. दीपमालाने त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि ते पुठ्ठ्यासारखं गॅस्केट सासऱ्यांना दाखवायला नेलं. जानरावांनी ते डोळ्यांजवळ धरलं, हुंगलं आणि परत दिलं.

शाळा सुटल्यावर सुगत हेड मोटरसायकलला बांधून अमरावतीच्या लेथवर घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी ते आरशासारखं सपाट होऊन आलं. तडा कुठे नव्हता. सोबत नवं गॅस्केटही आलं. गावातल्या ट्रॅक्टरच्या मेकॅनिककडून दीपमालाने टॉर्क पाना मागून आणला. ठरलेल्या ताणाला पोचला की तो पाना 'टक्' असा आवाज करतो. ज्योत्स्नाने ब्लॉकची, म्हणजे हेडखालच्या इंजिनाच्या ठोकळ्याची, बोल्टांची भोकं तारेच्या ब्रशने साफ केली. मागच्या कोपऱ्यातल्या भोकातून गंजाचा भुगा इतरांपेक्षा जास्त निघाला. तिने फुंकर मारली आणि पुढे गेली.

बोल्ट आवळायचे ते मधून बाहेर, तीन फेऱ्यांमध्ये. पहिली फेरी झाली. दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत एकेक 'टक्' ऐकू येऊ लागला, तशी दीपमाला मोठ्याने मोजू लागली. शेवटचा बोल्ट तेवढा राहिला, मागच्या कोपऱ्यातला. ज्योत्स्नाने पाना ओढला. बोल्ट फिरला. आणखी ओढला. आणखी फिरला, लोण्यात फिरावा तसा.

तिने हात काढून घेतला.

"काय झालं?"

"आटे गेले. ब्लॉकातले."

"म्हंजे?"

"म्हंजे बोल्टाले धराले आतमंदी काई राह्यलंच नाई. पानी तिथंच झिरपत होतं, त्यानं खाऊन टाकले." ती बाजूच्या विटेवर बसली. "गंज दिसला होता मले. तवाच थांबाले पाह्यजे होतं."

दीपमालाने तिच्याकडे पाहिलं, मग इंजिनाकडे पाहिलं. "थांबली असती तर आटे वापस आले असते काय?"

"नाई. पन आवळाच्या आधी समजलं असतं. हे गॅस्केट आता दबलं, वाया गेलं."

"मंग दुसरं आनू. याच्यावर इलाज हाय का नाई, तेवढं सांग."

इलाज होता. भोक थोडं मोठं करायचं, त्यात नवे आटे पाडायचे आणि स्टीलच्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी आत बसवायची. बोल्ट मग त्या गुंडाळीत आवळला जातो, पहिल्यापेक्षाही घट्ट. ज्योत्स्नाने हे आयटीआयमध्ये एकदा पाहिलं होतं, टेबलावर ठेवलेल्या तुकड्यावर. इथे ब्लॉक गाडीतच होता. ड्रिल जरासं कललं असतं तर बोल्ट तिरका बसला असता, आणि मग ब्लॉक भंगारातच गेला असता.

"माह्या हातानं होईन," ती सावकाश म्हणाली. "पन सरळ चाललं का नाई, हे पाह्याले कोनीतरी पाह्यजे. ज्यानं आधी केलं असन, असं."

कडुनिंबाच्या पलीकडून जानरावांचा आवाज आला. "नबीभाई."

दीपमाला दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने अमरावतीला गेली. वलगाव रस्त्याला नबी मिस्त्रींचं घर होतं. गॅरेजचं शटर बंद होतं आणि ओट्यावर त्यांची सून नगमा तांदूळ निवडत बसली होती. नबीचाचा आत होते. त्यांनी दीपमालाचं सगळं ऐकून घेतलं. मग दोन्ही हात तिच्यासमोर धरले. बोटं वाऱ्यावरच्या पानांसारखी थरथरत होती.

"बेटी, ये हाथ से तो चाय भी नहीं संभलती. ड्रिल काय धरू मी?"

"हात नाई पाह्यजे चाचा. हात आमच्याजवळ आहेत. तुमचे डोये पाह्यजे."

नबीचाचा हसले. "गाडी कोनती? जानरावभाऊची पांढरी?"

"तेच."

"मंग चलतो. नगमा, माझा चष्मा दे. अन् ते वरची पेटी काढ."

वाटेत त्यांनी तिला एका जुन्या पार्टच्या दुकानात नेलं. त्या मापाची गुंडाळी, तिचं ड्रिलचं पातं, आटे पाडायचा टॅप आणि नवं गॅस्केट, असं सगळं त्यांनी स्वतः पारखून घेतलं. एक गुंडाळी दुकानदाराला परतही केली.

ते नांदगावला पोचले तोवर ज्योत्स्नाने हेड पुन्हा उतरवून ठेवलं होतं. तिने सिलिंडरांमध्ये स्वच्छ फडकी कोंबली होती आणि भोवती ग्रीसचं कडं केलं होतं, लोखंडाचा कीस आत पडू नये म्हणून. नबीचाचांनी ते पाहिलं आणि पेटी उघडली. काटकोन तपासायचे सुताराचे दोन गुण्ये बाहेर काढले.

"एक गुण्या इकडून उभा धराचा, एक तिकडून. ड्रिल दोनीच्या मधात. मी पाह्यतो." ते इंजिनाच्या बाजूला स्टुलावर बसले. "एक तू धर दीपमाला. दुसरा कोन धरन?"

सुगत शाळेत होता. अंगणात आणखी कोणी नव्हतं. नबीचाचांनी मान वळवून हाक मारली.

"जानरावभाऊ! इकडं या."

"मले काई दिसत नाई आता, नबीभाई."

"तुमाले पाहाचं थोडीच आहे? धराचं आहे. पाहासाठी मी आलो ना."

जानराव उठले. गाडीजवळ आले, बॉनेटच्या कडेला हात लावला आणि हातानेच चाचपत ब्लॉकपर्यंत पोचले. दीपमालाने गुण्या त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो ब्लॉकच्या सपाटीवर टेकवला. तो हात वर्षानुवर्षं त्या गाडीचा गिअर टाकत आला होता. एकदा टेकवला तो हलला नाही.

ज्योत्स्नाने ड्रिल धरलं.

"श्वास रोखू नको," नबीचाचा म्हणाले. "डोयात सुरी घालते ना तू, कलमाच्या? तसंच. जोर देऊ नको. लोहा खुद रस्ता देते."

पातं फिरू लागलं. करड्या रंगाचा कीस ग्रीसमध्ये जमू लागला.

"तुह्या अंगाकडं कललं. थोडं. हां. बस, अस्संच." काही वेळाने, "रुक. साफ कर. फिर चालू." आणि पुन्हा, "जानरावभाऊ, गुण्या ढिला नका सोडू."

"सोडला नाई म्या," जानराव म्हणाले. "तुमीच नीट पाहा."

"मी नीटच पाहून राह्यलो."

दीपमालाला हसू आलं, पण हातातला गुण्या हलेल म्हणून तिने ते दाबून धरलं.

भोक झालं. मग टॅप. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, तेलाचा थेंब, पुन्हा अर्धा फेरा. ज्योत्स्नाच्या कपाळावरचा घाम नाकाच्या शेंड्यावर आला होता. दीपमालाने आपल्या पदराने तो टिपला. नवे आटे पडले, तसे ते चुंबकाने आणि फडक्याने साफ केले, आणि तारेची गुंडाळी फिरत फिरत आत जाऊन बसली. ज्योत्स्नाने बोल्ट हातानेच लावून पाहिला. तो सरळ, एका दमात, खालपर्यंत गेला.

"आता झाकन ठेवा अन् मले च्या पाजा," नबीचाचा म्हणाले. "पन कपात अर्धाच देजा."

हेड पुन्हा बसलं. या वेळी मागच्या कोपऱ्याची पाळी आली तेव्हा कोणी मोजलं नाही. सगळे ऐकत होते. 'टक्' असा आवाज आला.

दीपमालाने टाळी वाजवली. जानराव म्हणाले, "आलाच पाह्यजे."

मॅनिफोल्ड, पुशरॉड, नळ्या, बेल्ट, पाणी अशी उरलेली जोडणी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालली. नबीचाचा रात्री मुक्कामाला राहिले होते. व्हॉल्व्हच्या टॅपेटची फट ज्योत्स्नाने पातळ पट्टी घालून बसवली आणि प्रत्येक पट्टी त्यांना ओढून पाहायला दिली. त्यांनी दोन वेळा मान डोलावली आणि तिसऱ्या वेळेपासून पाहायचं सोडून दिलं.

दीपमाला स्टिअरिंगवर बसली. स्टार्टर फिरला, इंजिन फिरलं, पेटलं नाही. पुन्हा फिरवलं. नाही.

"हवा हाय डिझेलात," ज्योत्स्ना म्हणाली. घाबरलेली नव्हती. तिने नोझलवरच्या नळ्यांचे नट थोडे सैल केले. "फिरवा." नळ्यांच्या तोंडाशी आधी फेस आला, मग फेस संपून स्वच्छ डिझेल. तिने एकेक नट आवळला. "आता फिरवा."

गाडी पेटली. आधी एक सिलिंडर अडखळलं, मग चारही लागले आणि जुना, जाड, ओळखीचा आवाज अंगणभर पसरला. ज्योत्स्नाने रेडिएटरचं झाकण काढलं. तिने बराच वेळ पाहिलं. दीपमालाने रेस दिली, सोडली, पुन्हा दिली. पाणी गोल फिरत होतं. बुडबुडा एकही नव्हता.

जानराव कान देऊन उभे होते. "तिसऱ्या नंबरचं टॅपेट वाजून राह्यलं थोडं."

ज्योत्स्नाने ऐकलं. खरंच वाजत होतं. "हो मामाजी. गरम झाल्यावर घेतो पाहून."

तिने ते बरोबर जुळवून घेतलं.

त्याच दिवशी नबीचाचांना एसटीत बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघींनी कलमं भरली. पिशव्या एकमेकींना टेकवून, मधे गवत घालून, वर ओलं गोणपाट. जानराव फाटकापर्यंत आले आणि पाठीमागची साखळी स्वतः अडकवली. बडनेरा मागे पडलं, मग मूर्तिजापूर. दीपमाला काट्याकडे पाहत होती आणि ज्योत्स्नाचे कान आवाजाकडे होते. मूर्तिजापूरच्या पुढे पुलाच्या चढावर माल भरलेला असूनही काटा मधल्या खुणेवर उभा होता.

"पाह्य," दीपमाला म्हणाली.

"पाहून राह्यली ना."

"आता मालखेड काय अन् चिखलदऱ्याचा घाट काय. कुठंई नेऊ."

अकोल्याच्या पलीकडे शेतात कलमं उतरवून झाली तेव्हा दुपार झाली होती. शेतकऱ्याने प्रत्येक पिशवी उचलून पाहिली. एकही डोळा मोडला नव्हता. परतताना दोघी जठारपेठेत ज्योत्स्नाच्या माहेरी थांबल्या. तिची आई पार्बताबाई गल्लीत गाडीचा आवाज ऐकूनच बाहेर आली. तिने लेकीला पाण्याचा तांब्या देताना तिचे हात धरले. नखांच्या कडेने काळी रेघ अजून तशीच होती.

"हे काय? सासरी जाऊन पुना तेच?"

"पुना तेच," दीपमालाच बोलली. "अख्खं इंजिन खोललं तुमच्या पोरीनं. अंगनात."

पार्बताबाईने लेकीकडे निरखून पाहिलं. मग आतून साबण आणि थोडी साखर आणून तिच्या तळहातावर ठेवली. "याच्यानं निंगते. तुह्या बाबाचे हात असेच राह्यत," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण गार झाल्यावर ज्योत्स्नाने पुन्हा टॉर्क पाना घेतला. गाडी एकदा तापून थंड झाली की हेडचे बोल्ट परत तपासावे लागतात. ती एकेक बोल्ट घेत होती, तेव्हा जानराव आले. या वेळी त्यांनी खाट आणली नव्हती. ते चाकाशी उकिडवे बसले आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवरून हात फिरवू लागले. एका पाट्याच्या टोकाशी त्यांचा हात थांबला.

"याले तडा हाय, ज्योत्स्ना. बोट लावून पाह्य."

तिने खाली वाकून बोट लावलं. तडा होता.

"पावसाळा निंगते याच्यावर?" त्यांनी विचारलं.

"नाई निंगत, मामाजी. माल कमी भरू तवरी."

"मंग कवा काढतं?"

"ऐतवारी," ती म्हणाली. "तुमी जॅक काढून ठेवजा."